चारची बाटली

"पाणी मारलेला नको," मी म्हणाले, आणि पालकाच्या जुडीकडे निघालेला बजाबाईचा हात मधेच थांबला.

तिने मान वर केली. शुक्रवार पेठेतल्या या बोळाच्या तोंडाशी ती गोणपाट टाकून बसते हे मला ठाऊक होतं, तिचं नावही ठाऊक होतं, पण मी स्वतः तिच्याकडून कधी काही घेतलं नव्हतं. सकाळचे साडेआठ. एप्रिलचं ऊन भिंतीवरून उतरून तिच्या टोपलीच्या काठाला लागलं होतं. "पानी मारल्याला नको म्हननारं एकच गिऱ्हाईक हुतं माजं," ती म्हणाली. "तुमी त्या पानं दळायच्या कालिजातल्या का? सिद्धरामच्या म्याडम?"

मी हो म्हणाले. नाही म्हणता आलं असतं.

"लई दीस झालं आला न्हाय. शिवरातीच्या आदी एकदा आला, निस्ता हुबा ऱ्हायला. म्हनलं, जुडी देऊ का? तर म्हनला, काढलं मला. म्हनलं, का रं बाबा? तर म्हनं, बाटलीत नळाचं पानी घातलं म्हनं मी." बजाबाई हसली, दात नसलेल्या बाजूने. "आता सांगा! ज्यो मानूस माज्या पालकावर पान्याचा थेंब चालू द्यायचा न्हाय, त्यो बाटलीत पानी घालंल व्हय? तुमी हुता की तितं. तुमी सांगायचं की सरास्नी."

"हो," मी म्हणाले.

एवढंच. तिने दोन कोरड्या जुड्या निवडून पिशवीत टाकल्या आणि मग, मी निघणार तेवढ्यात, चार काड्या कोथिंबीर वरून खुपसली. "ही वरची. सिद्धरामच्या म्याडम म्हनून."

मी खरं तर बाइंडरकडे आले होते. पालक आईने सांगितला होता, घरच्या भाजीसाठी. घरच्या पालकावर पाणी मारलेलं असलं तरी काही बिघडत नाही, पण तोंडातून सवयीने ते वाक्य निघालं. आणि सवयसुद्धा माझी नव्हती, आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाची, सिद्धरामची होती. प्रयोगशाळेत मी त्याला तसं सांगायचे, तो बजाबाईला तसं सांगायचा, आणि आज ते वाक्य फिरून माझ्या तोंडात आलं होतं. बोळात पुढे रेवणप्पा बाइंडरचं दुकान. तो म्हणाला, "बसा मॅडम, डिंक वाळायचाय अजून." मी स्टुलावर बसले. माझ्या प्रबंधाच्या पाच प्रती लोखंडी शिकंज्यात एकावर एक दाबून ठेवल्या होत्या, वरचा दांडा रेवणप्पाने सगळी ताकद लावून पिळलेला. काळं रेक्झिन. सोनेरी अक्षरं. सोमवारी जमा करायचा होता, आज शुक्रवार. आम्लतेचा पालकाच्या पानातल्या पापुद्र्यांच्या रचनेवर होणारा परिणाम, असं मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शीर्षक सांगितलं होतं. त्यांनी ते तीनदा म्हणून पाठ केलं होतं, गल्लीत कुणी विचारलं तर अडखळायला नको म्हणून.

पालकाचं पान घ्या. त्याच्या प्रत्येक पेशीत हिरव्या गोळ्या असतात, आणि प्रत्येक गोळीत पातळ पापुद्रे, एकावर एक रचलेले. उन्हाचं अन्न होण्याची सुरुवात तिथे होते. मोठं करून काढलेला फोटो मी सिद्धरामला पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्याने तो लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाला, "ही तर भाकरीची चवड की, म्याडम!" त्या दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेत त्या पापुद्र्यांना चवडच म्हणायचे सगळे; माझे मार्गदर्शक हिरेमठ सरसुद्धा, परदेशी पाहुण्यांसमोर नाही, पण एरवी. मी त्याला समजावलं होतं की या भाकरी एकमेकींना चिकटत नाहीत, कारण प्रत्येकीवर सारखाच विजेचा भार असतो आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. दोघींमधलं अंतर केसाच्या जाडीच्या वीस हजाराव्या भागाएवढं, पण ते अंतर त्या राखून असतात. आम्ल घातलं की भार विझत जातात, ढकलणं कमी होतं, पापुद्रे जवळ सरकतात. "म्हंजी प्रेम वाडतं," सिद्धराम म्हणाला होता. मी म्हणाले, नाही, ढकलायची ताकद जाते. "मंग आमच्या गावच्या सोसायटीसारकं," म्हणाला.

प्रश्न इतकाच होता: आम्ल काढून घेतलं, पीएच, म्हणजे सामू, पुन्हा सातवर आणला, तर चवड पूर्वीसारखी होते का? सात म्हणजे ना आम्ल ना अल्क; आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. कुठपर्यंत परत येता येतं? सहावरून येतं. साडेपाचवरून येतं. पाचवरून येतं.

नोंद. ४.५. वीस मिनिटं. पापुद्र्यांमधलं अंतर कमी. ७ वर आणल्यावर अंतर पूर्ववत.

हे माझं वाक्य होतं. साडेचारवरूनही परत येतं. सगळ्या प्रबंधात नवीन असं तेवढंच होतं. बाकी दोनशे पानं त्याच्या आजूबाजूला उभी होती.

बाटलीबद्दल सांगायला हवं. पीएच मोजायच्या मीटरला रोज सकाळी शिकवावं लागतं: हे बघ, हे सात; हे बघ, हे चार. त्यासाठी दोन द्रावणं येतात, सातची बाटली आणि चारची बाटली. थोडं छोट्या चंचुपात्रात ओतायचं, मीटरचा दांडा त्यात बुडवायचा, आकडा लावायचा, आणि ते ओतलेलं टाकून द्यायचं. टाकून द्यायचं असं पुस्तकात आहे. आमच्याकडे नवी बाटली मागवायची तर अर्ज, मंजुरी, तीन सह्या, आणि मग सहा-सहा आठवडे वाट पाहणं. आणि मी ज्या घरात वाढले तिथे उरलेलं परत ओततात. माझी आई नागूबाई तळणीचं तेल परत बरणीत ओतते, भांड्यात उरलेलं दूध परत पातेल्यात, ताटात न उष्टावलेली डाळ परत पातेलीत. टाकणं हा आमच्याकडे अपराध आहे. म्हणून मी दांडा बुडवून झाला की चारचं द्रावण परत चारच्या बाटलीत ओतायचे. रोज. दांड्याला आदल्या सातच्या द्रावणाचे थेंब असायचे, धुतलेल्या पाण्याचे थेंब असायचे. एका दिवसाचे दोन-चार थेंब. दहा महिने.

इथे थांबते. कारण यानंतरची गोष्ट मी दोन महिने अशी सांगत आले आहे (स्वतःलाच, दुसऱ्या कुणाला नाही) की मला ते कळलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. ते खरं नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये असेल, सिद्धराम दाराशी मिक्सरचं भांडं पुसत होता. त्याने मला ओतताना पाहिलं. "म्याडम," तो म्हणाला, "आमच्यात काडल्यालं परत वतत न्हाईत. मडक्यातनं दूध तांब्यात काडलं, की त्यो तांब्या संपवायचा, न्हायतर कुत्र्याला घालायचा. परत मडक्यात वतलं तर समदं नासतं. आई लई मारायची त्याच्यावरनं." त्याची आई केराबाई, सांगोल्याकडे मेंढरं राखते. मी हसले. मी म्हणाले, "हे दूध नाही, सिद्धराम." तोही हसला. "तुमी शिकल्याली मानसं," म्हणाला, आणि भांडं पालथं घालून निघून गेला. मी हसले ते आवाजासकट आठवतं. अण्णांचे साहेब असंच हसायचे.

जानेवारीच्या शेवटी, आमचे आकडे पडताळून पाहणाऱ्या पुण्याच्या प्रयोगशाळेतून सरांना पत्र आलं. तुमच्या साडेचारला आमच्याकडे पापुद्रे परत येत नाहीत, विस्कटलेलेच राहतात. तुमचा मीटर तपासा. सरांनी नवी बाटली फोडली, मीटरला नीट शिकवलं, आणि जुन्या बाटलीतलं द्रावण मोजलं. चार पूर्णांक चार. ज्या वजनाने आम्ही तोलत होतो ते वजनच खोटं झालं होतं. मी साडेचार लिहिलं तेव्हा खरं पाहता ते पावणेपाचच्याही वर होतं.

नोंद. फेब्रुवारी, पाच तारीख. खोलीत तीन माणसं. सर आणि मी: हातभर अंतर. मी आणि सिद्धराम: मधे एक टेबल.

सरांनी बाटली वर धरली. "यात पाणी कुणी घातलं?" म्हणाले. कुणी घातलं, हा प्रश्न त्यांनी खोलीला विचारला, पण डोळे दाराकडे गेले. जानेवारीपासून उपकरणं पुसायचं काम सिद्धरामकडे दिलं होतं. त्याआधी एकदा, डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बंद पडलं तेव्हा, त्याने कॅनमध्ये नळाचं पाणी भरून ठेवलं होतं आणि सरांचा ओरडा खाल्ला होता. तेवढं पुरलं. "देवळातलं तीर्थ आहे का रे हे, संपत आलं की पाणी वाढवायला?" सर म्हणाले. सिद्धराम म्हणाला, "मी न्हाय घातलं, सर." सर म्हणाले, "मग काय बुद्धप्रियाने घातलं?"

आता मी बोलायचं होतं. माझं नाव घेतलं गेलं होतं, थट्टेत का होईना; दार उघडं होतं. सिद्धरामने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या पाहण्यात काय होतं ते मी दोन महिने शोधते आहे. राग नव्हता. विनंतीही नव्हती. भीती होती, पण ती नोकरीची वाटत नव्हती. मी खाली पाहिलं. टेबलावर सातच्या बाटलीचं निळं झाकण होतं, त्यावर कुणीतरी पेनाने ७ काढला होता, त्याच्या पोटात आडवी रेघ. मी ती रेघ पाहत राहिले. मी बोलले नाही. पाणी मी खरंच घातलं नव्हतं, असं माझ्या डोक्यात कुणीतरी शांतपणे म्हणत होतं. पाणी कुणी घातलं, एवढंच विचारलंय.

त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको सांगितलं. कंत्राटी माणूस, कागदावर काही लिहावंही लागलं नाही. आणि सर मला म्हणाले, "बरं झालं लवकर कळलं. जानेवारीचे प्रयोग सोड. डिसेंबरपर्यंतचं सगळं व्यवस्थित आहे, तेव्हा तो मीटरजवळ जात नव्हता." पुण्याला उत्तर गेलं: नोकराच्या चुकीमुळे अलीकडचं द्रावण खराब झालं होतं, आधीचे आकडे ग्राह्य धरावेत. म्हणजे असं की तो दोषी असला तरच माझे दहा महिने खरे ठरत होते. त्याने जानेवारीत पाणी घातलं नसेल, तर बाटली मार्चपासून नासत आली होती, आणि माझं साडेचारचं वाक्य खोटं होतं. सरांना हे कळलं नव्हतं का? मला वाटतं, त्यांनी तिथपर्यंत विचार जाऊ दिला नाही. आम्ही दोघं त्या दिवसापासून फार जवळ आलो. ते मला चहाला थांबवून घ्यायचे. एकमेकांना ढकलणारं आमच्यात काही उरलं नव्हतं.

"झालं मॅडम," रेवणप्पा म्हणाला आणि शिकंजा सैल केला. पाच प्रती सुटून वर आल्या नाहीत, तशाच दबून बसल्या. त्याला त्या एकेक करून सोडवाव्या लागल्या.

घरी अण्णांनी पाचही प्रती हातातून घेतल्या, धुतलेल्या रुमालाने पुसल्या आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे मांडल्या. मग कपाटावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी काढली. दाखवायची नाही असं ठरवलं होतं त्यांनी, पण राहवलं नाही. डॉ. बुद्धप्रिया रावसाहेब शिवशरण. "सोमवारी जमा झालं की लावू का, का तोंडी परीक्षा होईस्तोवर थांबायचं? तू म्हणशील तसं." आईने पिशवी उपडी केली. "कोथिंबीर आणलीस होय? बरं केलंस."

अण्णा सरकारी कचेरीत शिपाई होते. मी सहावीत असताना एक फाइल हरवली आणि अण्णांना निलंबित केलं. अकरा महिने ते घरी बसले. रोज सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, आणि बसायचे. मग साहेबाची बदली झाली, कपाट रिकामं करताना फाइल त्याच्याच खणात निघाली. अण्णा पुन्हा कामावर गेले, हसले, पेढे वाटले. फक्त एकदा, मी दहावीला असताना, सहज बोलल्यासारखं म्हणाले होते, "शिपायावर दोष घालायला त्याला शोधावं लागत नाही, बाळ. तो दारातच बसलेला असतो."

हे वाक्य पाच फेब्रुवारीला मला आठवलं होतं का? आठवलं होतं. म्हणून तर मी झाकणावरचा सात पाहत होते.

"अण्णा," मी म्हणाले, "पाटी आत्ता नको."

मी सगळं सांगितलं. मेंढरं, मडकं, तांब्या, ते हसणंसुद्धा. आई स्वयंपाकघरात पालक निवडत होती, तिचे हात थांबलेले ऐकू आले. अण्णा बराच वेळ पाटीवरचं वर्तमानपत्र पुन्हा तसंच, त्याच घड्यांवर, गुंडाळत राहिले. मला वाटलं ते विचारतील, आता तुझं काय होणार. ते म्हणाले, "त्याचं नाव काय?"

"सिद्धराम."

"पूर्ण?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिथे काही नव्हतं. पावणेदोन वर्षं. माझ्या फोनमध्ये तो 'सिद्धराम लॅब' होता. हजेरीच्या वहीत 'सिद्धराम'. प्रबंधाच्या दुसऱ्या पानावर मी सरांचे, आईवडिलांचे, यंत्रावरच्या लोकांचे, ग्रंथपालांचे, चार मैत्रिणींचे आभार मानले होते. तिथे तर तेवढंही नव्हतं.

अण्णा उठले, पलंगाखालची पेटी ओढली, आणि प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद माझ्या मांडीवर ठेवला. तो कागद घरात आहे हे मला माहीत होतं, वाचला कधी नव्हता. 'सदर कर्मचाऱ्याचा दोष आढळून येत नाही.' दोन ओळी, शिक्का. "एकवीस वर्षं... नाही, सतरा वर्षं झाली," अण्णा म्हणाले. "यात माझं नाव नाही बघ. सदर कर्मचारी. फाइल हरवली तेव्हा मात्र आख्ख्या कचेरीत बोंब होती, रावसाहेबाने हरवली. पत्र लिहिशील तर पूर्ण नाव घाल. बापाच्या नावासकट."

आईने तेवढ्यात आतून विचारलं, "मग मी तेल बरणीत परत ओतते ते पण चूकच की काय?" थोड्या वेळाने तीच म्हणाली, "शिकायला पाठवलं ते असलं करायला नव्हे गं."

शनिवारी सकाळी मी त्याला फोन केला नाही, सरळ गेले. त्याच्या गल्लीतल्या माणसाने सांगितलं, एमआयडीसीत सुताच्या रंगखान्यात लागलाय. पत्र्याचं मोठं शेड, आत वाफ, ओल्या सुताचा वास, मागच्या खोलीतून मालक तेलुगूत कुणावर तरी ओरडत होता. सिद्धराम हौदाच्या काठावर उकिडवा बसला होता. बोटांत कागदाची पिवळी पट्टी. पट्टी पाण्यात बुडवली, बाहेर काढली, डब्यावरच्या रंगांशी ताडून पाहिली, आणि मग मान वळवली.

"म्याडम! तुमी? हितं?" तो घाईने उठला, हात पुसायला काही मिळेना म्हणून पोटरीला पुसले. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी, भेगाळलेली. "च्या सांगू का? हितं बी सामूच बगायचा बगा. कास्टिकात सूत धुतलं, की मंग आशिडाच्या पान्यातनं काडायचं, सातावर आनायचं. न्हायतर टावेल अंगाला खाजतो. मालक म्हनला, कुनाला येतं? म्हनलं, मला येतं. पावनेदोन वर्सं तेच बगितलंय." तो खरोखर खुशीत सांगत होता. मला ते सहन होईना.

"सिद्धराम, ती बाटली माझ्यामुळे—"

"ठावं हाय की."

"मग तुम्ही सरांना सांगितलं का नाही? मी ओतताना तुम्ही पाहिलं होतं. तुम्ही मला सांगितलंही होतं."

तो हौदाकडे पाहू लागला. वाफ आमच्या मधून जात होती. "सांगनार हुतो," तो म्हणाला. "व्हटावर आलं हुतं. तुमच्याकडं बगितलं. म्हनलं, मी सांगनार, मंग सर तुमाला इचारनार. आन तुमी न्हाय म्हनला तर? माज्या तोंडावर?" त्याने पट्टी दुमडली, आणखी दुमडली. "तुमी मला त्यो फोटू दावला हुता, चवडीचा. आमच्या सात पिढ्यांत कुनी दावला नसता. तुमी न्हाय म्हनल्यालं मला ऐकायचं न्हवतं. म्हनून बोललो न्हाय. नोकरी काय, ती गेलीच हुती तवर."

म्हणजे ती भीती माझी होती. माझ्याबद्दलची. टेबलाच्या पलीकडून तो घाबरला होता तो मी काय होईन याला, आणि मी ते होऊ नये म्हणून त्याने तोंड मिटलं. आणि मी ते न बोलता झालेच.

माफ करा, असं मी म्हणाले असेन. शेडमधल्या आवाजात ते विरून गेलं. मालक पुन्हा ओरडला. मी वही काढली आणि विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा. पत्रात घालायचं आहे."

"कशाला आता?" तो म्हणाला, पण सांगितलं. सावकाश, शाळेत हजेरी देतात तसं ताठ उभा राहून. "सिद्धराम तात्याबा सरगर. तालुका सांगोला." मग माझ्या वहीवर वाकून नीट आलंय का पाहिलं. निघताना त्याने मागून हाक मारली. "म्याडम, आन ती चवड? परत येती का न्हाय?"

"साडेचारवरून नाही येत. मी चुकीचं लिहिलं होतं."

"मंग किती वरनं येती?"

"माहीत नाही. पहिल्यापासून करावं लागेल."

"करा की मंग," तो म्हणाला. "पालक तेवडा सकाळचा घ्या. धा वाजल्यावर बजाबाई बी पानी मारती, लबाड हाय."

सोमवारी मी पाच प्रतींऐवजी एक पान घेऊन सरांकडे गेले. सरांनी ते वाचलं, उठून दार लावलं, परत वाचलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू त्यावर काहीतरी वेगळं आलं. ते कौतुक होतं. "बुद्धप्रिया," सर म्हणाले, "याला धैर्य लागतं. तुझं एक वर्ष जाईल, पण मी मुदतवाढ मिळवून देईन. पुण्याला मी स्वतः लिहितो. विज्ञानात हेच हवं असतं. पुढच्या बॅचला मी तुझं उदाहरण देणार आहे."

"आणि सिद्धराम?"

"ती जागा एजन्सीला गेली ना. ते आता माझ्या हातात नाही." त्यांनी पेन उचललं. "हे नाव काढू आपण. 'एका कंत्राटी कर्मचाऱ्यास' पुरेसं आहे. नाव आलं की उगाच चौकशी, कागद..."

"नाव राहू द्या, सर."

"अगं, त्याच्याच भल्यासाठी."

"राहू द्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं नाही. फार मोठी गोष्ट नव्हती ती. दोन महिने उशिरा कुणालाही जमतं. त्यांनी नावावर रेघ न मारता सही केली आणि कागद जरा जोराने माझ्याकडे सरकवला. दुपारपर्यंत व्हरांड्यात बातमी पोचली होती. दोघींनी मिठी मारली. एक म्हणाली, मला नसतं जमलं गं. मी चारची जुनी बाटली सिंकमध्ये रिकामी केली. तिला अर्धा मिनिट लागलं.

नोंद. मी: एक वर्षानंतर पूर्ववत होण्याची शक्यता. तो: —

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी शुक्रवार पेठेत होते. बजाबाई नुकतीच गाठोडं सोडत होती, पालक अजून रात्रीच्या गारव्याचा, पानं ताठ. "आज लवकर?" तिने विचारलं. "पानी न्हाय मारल्यालं अजून. किती देऊ?"

"दोन. आता रोज दोन लागतील. आणि बजाबाई," मी म्हणाले, "त्या बाटलीत सिद्धरामने काही घातलं नव्हतं. ते माझ्या हातून झालं होतं. मी तिथेच उभी होते आणि बोलले नाही."

तिने जुड्या हातात तोलल्या, एक बदलली, चांगली घेतली, देठं झटकली, माझ्या पिशवीत नीट उभी ठेवली. धंद्यात काही कमी केलं नाही. मग तिचा हात सवयीने कोथिंबिरीच्या ढिगाकडे गेला, चार काड्या बोटांत आल्याही. ती क्षणभर त्या काड्यांकडे पाहत राहिली. मग तिने त्या परत ढिगात ठेवल्या, वर ओलं फडकं ओढलं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "तुमाला काय पायजे वो?"